गुरुवारची लीग आणि रविवारचा डाव

चिपळूणच्या एका वाचकाचे पत्र:

“मी छत्तीस वर्षांचा असून पतसंस्थेत नोकरी करतो. गेली सात वर्षे काम सुटले की आम्ही चौघे मित्र बाजारपेठेतल्या पार्लरमध्ये पूल (क्यू नावाच्या काठीने बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ) खेळत आलो. हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे आणि बाहेर चहा पाजायचा, एवढाच आमचा नियम. शिमग्यानंतर पार्लरच्या मालकांनी सहा संघांची लीग सुरू केली. दर गुरुवारी रात्री सामने, प्रत्येक खेळाडूला त्याच्या ताकदीनुसार आकडा, भिंतीवर गुणतक्ता. गणपतीच्या आधी शेवट. माझा बालमित्र दुसऱ्या संघात गेला. तीन आठवड्यांपूर्वी निर्णायक डाव माझ्या वाट्याला आला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर, कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) टेकून असलेला आठ नंबरचा बॉल मी इतका जोरात मारला की तो पॉकेटच्या तोंडाशी खडखडून परत आला. कोणी काही बोलले नाही. परतताना गाडीतही कोणी काही बोलले नाही. तेव्हापासून हात आखडला आहे आणि मित्रांबरोबर साधे खेळायलाही मन होत नाही. लीगमुळे खेळ सुधारतो असे सगळे सांगतात. माझा सुधारला की नाही ते कळत नाही, आवड मात्र गेली. लीग सोडून द्यावी का?”

गाडीतल्या शांततेचे तुमचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिच्याविषयी पुढे लिहितोच, पण तुम्ही सरळ प्रश्न विचारला आहे, तेव्हा उत्तर आधी देतो. हा हंगाम पुरा करा, लीग आत्ता सोडू नका. मात्र येत्या रविवारपासून तुम्हा चौघांचा जुना डाव पुन्हा सुरू करा, आणि तो गुरुवारची तयारी म्हणून करू नका. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच, की लीग सुरू झाल्यापासून तो जुना डाव कधी झाला याचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

मी मूळचा कॅरमचा माणूस. रत्नागिरीत ज्या वाडीत वाढलो तिथे पावसाळ्याचे चार महिने ओटीवर बोर्ड पडलेला असे आणि शाळेतून येणारा प्रत्येक जण दप्तर टाकून आधी त्याच्याशी बसे. कॉलेजात असताना एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी २१ गुणांवर होतो. कॅरम खेळणाऱ्यांना ठाऊक असते की गेम २५ गुणांचा असतो आणि २१ पर्यंतच राणीचे तीन गुण धरतात. बावीसवर गेलात की राणी घेऊनही तिचे गुण मिळत नाहीत. म्हणजे राणीचा उपयोग होण्याची ती माझी बहुधा शेवटची संधी होती. राणी घेतली. कव्हरची सोंगटी समोर, अगदी सोपी होती. स्ट्रायकर लावून बोट टेकवले तेव्हा बोर्डावरच्या पावडरीत माझ्या बोटाच्या घामाचा ओला ठसा उमटलेला मला दिसला, आणि त्या क्षणापासून मी सोंगटीकडे पाहायचे सोडून स्वतःच्या बोटाकडे पाहू लागलो. कव्हर गेले नाही. राणी पुन्हा मध्यावर आली आणि समोरच्याने ती घेतली. घरी आल्यावर बोर्ड भिंतीकडे तोंड करून जिन्याखाली उभा केला, तो दीड वर्ष तसाच राहिला. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याने तो ओढून ओटीवर आणला, सोंगट्या कोणत्या रंगाच्या कोणाच्या याचाही पत्ता नसलेली चार पोरे माझ्याभोवती बसली, आणि त्या दुपारी माझे बोट कधी मोकळे झाले ते मला कळलेही नाही. पुढे नोकरीनिमित्त मुंबईत असताना पूल शिकलो आणि दोन हंगाम लीगही खेळलो. म्हणून तुम्हाला लिहितो आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेले एक जुने निरीक्षण सांगतो, कारण ते पूलच्या टेबलावरच केलेले आहे. १९८२ मध्ये जेम्स मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या क्लबात पूल खेळणाऱ्यांचे फटके आधी लांबून, त्यांच्या नकळत मोजले. मग चार माणसे टेबलाजवळ येऊन नुसती पाहत उभी राहिली. चांगल्या खेळाडूंचे बरोबर जाणारे फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर घसरले. निरीक्षण थोड्याच खेळाडूंचे होते, तेव्हा त्यातल्या आकड्यांना वेदवाक्य मानण्याचे कारण नाही, पण त्यातला कल मी दोन्ही खेळांत स्वतः पाहिला आहे. जो फटका शेकडो वेळा मारून अंगवळणी पडला आहे तो चार डोळ्यांसमोर आणखी उजळतो, आणि जो अजून अंगात मुरलेला नाही तो त्याच डोळ्यांसमोर मोडतो. १९८४ मध्ये रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञाने दडपणाखाली हात का आखडतो याचा अभ्यास केला, तेव्हा त्याचेही म्हणणे असे होते की दडपण आले की माणूस स्वतःच्या हालचालींवर पहारा ठेवू लागतो आणि जे आपसूक होत होते तेच बिघडते. माझ्या बोटाचे तेच झाले. तुमच्या हाताचेही तेच झाले असावे.

आता यावरून लीग वाईट ठरते का? मला तसे वाटत नाही. तुम्ही पतसंस्थेत काम करता, तेव्हा ठेव आणि उचल यांचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको. गुरुवारी जे वापरले जाते ते इतर संध्याकाळी जमा झालेले असते: कोणी मोजत नसताना मारलेले वेडेवाकडे फटके, ‘हे जाईल का बघू’ म्हणून दोन कुशन लावून केलेले प्रयत्न, मित्राच्या हसण्यात विरून गेलेली चूक. सात वर्षांत तुम्ही ही ठेव भरपूर साठवलीत. शिमग्यापासून मात्र नुसती उचल चालू आहे.

लीगने तुम्हाला जे दिले आहे तेही या उद्वेगात विसरू नये. चौघांच्या डावात आपण एकमेकांचा खेळ पाठ केलेला असतो. समोरचा कोणता बॉल सोडणार, कुठे घाई करणार, हे आधीच कळते, आणि म्हणून सेफ्टी, म्हणजे बॉल घालण्याऐवजी समोरच्याला अडवणारा फटका, खेळण्याची वेळच सहसा येत नाही. आली तरी ती खेळणाऱ्याला मित्र चिडवतात. लीगमध्ये अनोळखी माणूस पांढरा बॉल (क्यूने मारायचा तो) स्वतःच्या बॉलच्या मागे लपवून शांतपणे खुर्चीत जाऊन बसतो, तेव्हा पहिल्यांदा समजते की या खेळात बॉल पॉकेटात घालण्याइतकेच पांढरा बॉल कुठे थांबवायचा यालाही महत्त्व आहे. मुंबईतल्या माझ्या पहिल्या हंगामात माझ्या दुप्पट वयाच्या एका गृहस्थांनी मला एका डावात तीनदा असे अडकवले. मी हरलो, पण घरी जाताना लोकलमध्ये ते तीनही फटके मी मनात पुन्हा मांडत होतो. तो आनंद मला मित्रांच्या टेबलावर कधीच मिळाला नसता.

तुमच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गुणतक्त्यापेक्षा तो आकडाच तुम्हाला जास्त टोचत असावा असे पत्रावरून वाटते. अशा लीगचा सर्वांत मोठा नमुना अमेरिकेतला आहे. १९७९ मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सामान्य हौशी लोकांसाठी लीग सुरू केली, तीच पुढे अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन म्हणून वाढली. तिच्यात एट बॉल (आपल्या वाट्याचे बॉल घालून शेवटी आठ नंबरचा घालायचा, तो पूलचा प्रकार) खेळणाऱ्याला २ ते ७ यांपैकी आकडा मिळतो. सातच्या समोर दोनचा खेळाडू आला तर सातवाल्याला सात डाव जिंकावे लागतात आणि दोनवाल्याला दोनच. शिवाय एका रात्री उतरणाऱ्या पाच जणांच्या आकड्यांची बेरीज २३ च्या पुढे जाता कामा नये, त्यामुळे कोणालाही पाच पहिलवान गोळा करून संघ बांधता येत नाही. यात मोठे सौजन्य आहे असे मी मनापासून मानतो: काल क्यू हातात घेतलेला मुलगा आणि वीस वर्षे खेळलेला माणूस एकाच टेबलावर खरा सामना खेळू शकतात, आणि संघाला नवशिक्याची गरज पडते.

पण याच पद्धतीत एक कीड लपलेली आहे. तुमचा खेळ सुधारला की आकडा वाढतो, आकडा वाढला की संघाची बेरीज बिघडते, आणि मग तुमची प्रगती तुमच्याच माणसांना अडचणीची वाटू लागते. काही जण यातून पळवाट काढतात आणि मुद्दाम हरून आकडा खाली ठेवतात. तुमच्या लीगमध्ये असे कोणी करते का, हे पत्रात नाही. तुम्हाला कोणी तसे सुचवले तर मात्र त्याच क्षणी स्पष्ट नकार द्या, कारण जो फटका जाणार हे हाताला माहीत आहे तो जाणूनबुजून चुकवण्याची सवय हाताला लागली की तिथून परत येणे फार अवघड असते. अशा परिस्थितीत हंगाम पुरा करण्याचा माझा सल्लाही मागे घेतो.

बक्षिसाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी रंगांचे पेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा आधी सांगून बक्षीस दिलेली मुले त्यांच्याकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड तशीच होती. बक्षिसाने आवड मारली असे म्हणण्यापेक्षा, चित्र कशासाठी काढायचे याचे उत्तर त्या मुलांसाठी बदलले असे मला वाटते. म्हणून रविवारच्या डावात भिंतीवरचा तक्ता आणि आकडे यांचा विषय निघू देऊ नका. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरण्याचा नियम मात्र खुशाल ठेवा. तो बक्षिसाच्या जातीचा नाही, तो तुमच्या सोबतीचा भाग आहे, आणि चहाही त्यातच आला.

आपल्याकडे हे नवे नाही. तळकोकणात भजनाच्या डबलबाऱ्या रात्र-रात्र चालतात. समोरासमोर दोन बुवा, एकाने टाकलेल्या पेचाला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे, पखवाजावर थाप पडली की मांडव उठून उभा राहतो. चुरस इतकी की दुसऱ्या दिवशी एस.टी.त, बाजारात, सगळीकडे तीच चर्चा असते. पण ज्या बुवांचे गाणे टिकले ते बुवा मी गणपतीत शेजारच्या घरी कोणी ऐकणारे नसतानाही अभंग, गौळण, गजर असे सगळे ओळीने गाताना पाहिले आहेत, आणि तिथे एखादी ओळ चुकली तर ते हसून पुन्हा घेतात. बारीतला आवेश त्या घरच्या गाण्यावर उभा असतो. ज्यांनी फक्त बाऱ्याच केल्या त्यांपैकी काहींचा आवाज चांगला असतानाही चार-पाच वर्षांत गाण्यातला जीव गेलेला मी ऐकला आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

आता गाडीतल्या शांततेकडे येतो. तुम्ही तिचा अर्थ राग असा लावला असावा. तुमचे सहकारी रागावले असतीलही, पण मी अशा गाडीत हरणाऱ्याच्या शेजारी बसलेलो आहे, आणि तेव्हा मी गप्प होतो तो केवळ काय बोलावे हे सुचत नव्हते म्हणून. तीन आठवडे तुम्ही एका न बोललेल्या वाक्याशी भांडत आहात. कप्तानांना गाठा आणि समोरासमोर सांगा की त्या रात्रीचे मनावर राहिले आहे, आणि पुढचे तीन-चार गुरुवार मला शेवटच्या सामन्याला ठेवू नका, पहिल्याला किंवा दुसऱ्याला उतरवा. यात कमीपणा नाही. चांगला कप्तान खेळाडूचा हात ओळखून क्रम लावतो, आणि तुमचे कप्तान हे ऐकून घेणार नाहीत अशी शंका येण्याजोगे पत्रात काही नाही. बालमित्राला रविवारी बोलावण्याचे काम मात्र तुम्हीच करा, दुसऱ्याकडून निरोप पाठवू नका. तो दुसऱ्या संघात गेला हे तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून पुढे गेलात, पण हात आखडण्याच्या आधीचा सल बहुधा तिथलाच आहे.

गणपतीनंतर नवा हंगाम घ्यायचा की नाही, हे आज ठरवू नका. गुरुवारी रात्री घरी परतताना एखादा फटका आठवतो का, एवढेच पुढच्या आठवड्यांत स्वतःशी पाहत राहा. तो तुमचा असो वा समोरच्याचा, गेलेला असो वा हुकलेला. आठवत असेल तर खेळ तुमच्यात शाबूत आहे आणि लीगही खुशाल खेळा. फक्त निकाल आणि तक्त्यातली जागाच आठवत राहिली, तर एक हंगाम बाहेर बसा. सात वर्षे खेळलेल्या माणसाला लीग नसतानाही खेळाडूच म्हणतात.

राहता राहिला तो आठ नंबरचा बॉल. तुम्ही तो जोरात मारलात यात मला आश्चर्य वाटले नाही. आषाढातली आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊकच आहे: टेबलावरच्या कापडात लोकर असते, ते दमट होते आणि बॉल जड धावतो. व्यावसायिक स्नूकरच्या स्पर्धांत याच ओलाव्यासाठी टेबलाखाली हीटर लावतात. आपल्या पार्लरमध्ये ते कुठून असणार. त्यात निर्णायक डाव, त्यात बॉल पोहोचणार नाही अशी भीती, मग हात आपोआप जोर लावतो. पण कुशनला लागून जाणारा बॉल वेगात आला की पॉकेटच्या तोंडाच्या एका बाजूला आपटून दुसऱ्या बाजूला जातो आणि बाहेर पडतो. तोच बॉल हळू आला तर थोडा चुकला तरी पॉकेट त्याला पोटात घेते.

रविवारी मित्र जमले की आठचा बॉल बरोबर त्याच जागी, वीतभर अंतरावर कुशनला टेकवून ठेवा, आणि पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर. पांढरा बॉल कुशनला आणि आठच्या बॉलला जवळजवळ एकाच वेळी लागला पाहिजे, तेवढेच पाहा. पहिले पाच फटके तुम्ही मारा, पुढचे पाच बालमित्राला मारू द्या, आणि किती गेले ते कोणीही मोजू नये. वेग एवढाच ठेवा की पॉकेटच्या तोंडाशी आल्यावर बॉल पळत आत शिरण्याऐवजी, पागोळीच्या पाण्यासारखा काठावरून नुसता ओघळेल.